बोली गाडीवर लावा, चालकाच्या पगारावर नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकाने विचारलं आहे, की बेस्टचा तोटा मुंबईकरांनी अजून किती वर्षं पोसायचा. पत्र दोनदा वाचलं. राग आला नाही, कारण स्टॉपवर ताटकळलेल्या माणसाचा राग मी चौतीस वर्षं समोरासमोर ऐकलेला आहे. १९८४ साली कंडक्टर म्हणून लागलो, पुढे स्टार्टर झालो, २०१८ साली निवृत्त झालो. स्टार्टर म्हणजे बसचौकीत टेबलामागे बसलेला तो खाकी माणूस, ज्याला लोक खिडकीत डोकं घालून "अहो, सायनची गाडी कधी येणार?" असं विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत शिव्या घालून मोकळे होतात. मी बेस्ट वर्कर्स युनियनचा साधा सभासद होतो. पदाधिकारी कधीच नव्हतो, भाषण तर हयातीत केलं नाही. त्यामुळे हे पत्र युनियनच्या वतीने नाही, पण युनियन जे मागते त्यातलं बरंचसं बरोबर आहे असं वाटणाऱ्या माणसाचं आहे.

निमित्त माझ्या भाच्याचं. तो बेस्टच्या मार्गावर धावणारी बारा मीटरची एसी इलेक्ट्रिक गाडी चालवतो. गाडीवर नंबर बेस्टचा, तिकीट बेस्टचं, प्रवासी त्याला बेस्टचा ड्रायव्हर म्हणतात. पगार मात्र एका कंत्राटदाराकडून येतो. कंत्राटदाराचं नाव मी लिहीत नाही आणि स्वतःचंही देत नाही, कारण पोराला ड्युटी टिकवायची आहे. मागे एकदा रात्री साडेअकराला जेवायला आमच्या परळच्या खोलीवर आला. हात धुतले आणि पहिलं वाक्य बोलला, "मामा, ह्या महिन्यात पगार पुन्हा वीस तारखेच्या पुढे." मग स्लिप दाखवली. युनिफॉर्मचे पैसे कापलेले, दोन दिवसांची गैरहजेरी कापलेली. त्यातला एक दिवस गाडी चार्जिंगला अडकून पडली होती म्हणून त्याला डेपोतून परत पाठवलं होतं, तो. माझी बायको म्हणाली, "आधी जेव रे." पण मी स्टार्टर. कागद हातात आला की बेरीज-वजाबाकी केल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

त्याच्याच गाडीवरचा कंडक्टर बेस्टचा जुना माणूस आहे. त्याला महागाई भत्ता, रजा, दवाखाना, ग्रॅच्युइटी, सगळं नियमाने लागू. एकच गाडी, एकच रस्ता, एकच पाऊस, पाठीमागून दोनदा घंटा वाजवणारा एका पगारावर आणि ती ऐकून गाडी हलवणारा दुसऱ्याच पगारावर. दोघं चहा एकाच टपरीवर पितात. पैसे कंडक्टर देतो. भाचा सांगत होता, त्याला त्याचीच लाज वाटते.

आता भाड्याची गाडी, म्हणजे ज्याला वेट लीज म्हणतात ते काय असतं, हे सांगायला हवं. प्रवाशाला एवढंच दिसतं की गाडी नवी आहे आणि गार हवा लागते. गाडी कंत्राटदाराची, चालक त्याचा, देखभाल-दुरुस्ती त्याची. मार्ग, वेळापत्रक आणि तिकिटाचे पैसे बेस्टचे. कंत्राटदाराला दर किलोमीटरमागे ठरलेले पैसे मिळतात. तो दर निविदेतून ठरतो, आणि निविदेत जो सर्वांत कमी दर टाकतो त्याला काम मिळतं. इथवर कोणाला काही गैर वाटणार नाही. भाजी आपणही चार ठेले फिरून घेतो.

पण त्या किलोमीटरच्या दरात काय काय भरलेलं असतं ते बघा. गाडीची किंमत, बँकेचं व्याज, बॅटरी, टायर, सुटे भाग, विमा. या सगळ्याचे भाव बाहेर ठरतात. टायरवाल्याला कोणी म्हणू शकत नाही की यंदा अर्ध्या किमतीत दे. बँक व्याज सोडत नाही. मग दुसऱ्यापेक्षा आपला दर चार आणे खाली आणायचा तर चिमटा काढायला एकच जागा उरते, ती म्हणजे चालकाची सीट. शिवाय कंत्राट काही वर्षांचं असतं. त्या काळात दूध वाढतं, खोलीचं भाडं वाढतं, आणि पोराचा पगार वाढवा म्हटलं की कंपनीचा माणूस म्हणतो, दर आम्ही ठरवलेला नाही, बेस्टकडे जा. बेस्टकडे गेलं की ऐकायला मिळतं, तुम्ही आमचे कर्मचारी नाही. आमच्या खेडकडे याला 'तुझ्या दारात की माझ्या दारात' म्हणतात. मधल्या मध्ये गाढव उपाशी.

ऑगस्ट २०२३ मध्ये याच चालकांनी काम थांबवलं होतं, आपल्या वाचकांना आठवत असेल. आठवडाभर शेकडो गाड्या डेपोत उभ्या राहिल्या, सरकारने मदतीला एसटीच्या गाड्या आणल्या. पंचवीस हजार पगार द्या, समान कामाला समान वेतन द्या, अशी मागणी होती. हातात पडत होते अठरा हजारांच्या आसपास. मुख्यमंत्र्यांशी बैठक होऊन ८ ऑगस्टला काम सुरू झालं. तेव्हा माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ऐकवलं होतं, "एवढी वाढ दिली तर बेस्ट बुडेल." म्हणून कॅलेंडरच्या पाठीमागे मी हिशोब मांडला. तो अंदाजाचा आहे, कोणी खोडून दाखवला तर आनंद होईल.

समजा एक गाडी महिन्याला पाच हजार किलोमीटर धावते. दोन पाळ्यांचे दोन चालक, आणि साप्ताहिक सुट्टी, रजा, आजारपण यांच्यासाठी लागणारा बदली माणूस धरून एका गाडीमागे अडीच चालक. प्रत्येकाला सात हजार वाढवले तर महिन्याला साडेसतरा हजार रुपये. पाच हजार किलोमीटरने भागा. किलोमीटरला साडेतीन रुपये होतात. आणि त्या गाडीत दिवसाला सातशे माणसं चढतात असं धरलं, तर एका प्रवाशामागे ८३ पैसे. ८३ पैशांनी बेस्ट बुडत असेल तर ती आधीच कुठेतरी तळाला भोक पडून बुडते आहे, आणि ते भोक चालकाने पाडलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एका ओळीचं आहे. निविदेत चालकाचं वेतन वेगळ्या रकान्यात काढा आणि त्या रकान्यावर बोली लावू देऊ नका. वेतन किती ते बेस्टने आधीच छापावं, महागाई भत्त्याबरोबर ते वाढेल असं लिहावं. जो पैसा त्या रकान्यात आहे तो चालकाच्या बँक खात्यात आणि पीएफच्या खात्यात गेल्याचा पुरावा दिल्याशिवाय कंत्राटदाराचं पुढचं बिल निघू नये. बाकी गाडी, बॅटरी, टायर, नफा यांच्यावर खुशाल चढाओढ करा. कंत्राटदार बदलला तरी चालक तेच राहतील, त्यांची सेवा मोजली जाईल, हेही त्यातच लिहा. हे शेवटचं मी उगाच म्हणत नाही. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये एका कंत्राटदाराने अडीचशेहून अधिक मिनीबस एका झटक्यात काढून घेतल्या होत्या. गाड्या गेल्या त्याची बातमी झाली. त्या गाड्यांवरचे चालक कुठे गेले, त्याची झाली नाही.

कायद्यात याला आधार नाही असं नाही. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यानेच ठरवलं होतं, की कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती द्यायची आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करायची. २६ ऑक्टोबर २०१६ला सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या एका खटल्यात सांगितलं, की तात्पुरत्या कर्मचाऱ्यालाही समान कामाला समान वेतन मिळालं पाहिजे. तो खटला कंत्राटदारामार्फत लागलेल्या बसचालकांचा नव्हता, हे मला मान्य. पण त्यातलं तत्त्व समजायला वकील लागत नाही. आमच्या चौकीतल्या चहावाल्या पोरालाही ते समजलं असतं.

आता युनियनचं. इथे मी माझ्याच माणसांना थोडं बोलणार आहे. जानेवारी २०१९चा संप नऊ दिवस चालला, ८ तारखेपासून १६ तारखेपर्यंत. बेस्टच्या इतिहासातला सगळ्यात लांबलेला. मी निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे सवयीने रोज सकाळी डेपोच्या गेटवर जाऊन उभा राहायचो. बायको थर्मास भरून द्यायची. मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेतला संप रोखणारा कायदा, लागला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. संपातली मोठी मागणी पैशांच्या मुळाशी जाणारी होती, बेस्टचा वेगळा 'क' अर्थसंकल्प महापालिकेच्या मुख्य 'अ' अर्थसंकल्पात विलीन करा ही. दुसरी होती २००७ नंतर कमी श्रेणीत लागलेल्या पोरांचा पगार सुधारण्याची. त्या पोरांना न्यायालयाच्या मध्यस्थीने काही वेतनवाढी पदरात पडल्या. विलीनीकरण झालं नाही ते नाहीच.

आणि त्याच वर्षी जूनमध्ये युनियनने प्रशासनाबरोबर करार केला. भाड्याच्या गाड्या येऊ देऊ, त्या बदल्यात बेस्टने स्वतःच्या ३,३३७ गाड्यांचा ताफा राखायचा. सही आमच्याच माणसांनी केली. मी तेव्हाही गेटवर म्हटलं होतं, आकडा लिहून घेतलात, पण आकडा मोडला तर काय करायचं ते लिहून घेतलं का? कोणी लक्ष दिलं नाही. निवृत्त माणसाचं कोण ऐकतो. आज बेस्टच्या स्वतःच्या गाड्या काही शेकड्यांवर आल्या आहेत. २०१०च्या सुमारास साडेचार हजारांहून अधिक होत्या. करारातला तो ३,३३७चा आकडा आता फक्त कागदावर वाचायला मिळतो.

जानेवारीच्या त्या संपाने लोकांचे हाल झाले, हेही खरं. माझ्या शेजारच्या वहिनी तेव्हा केईएममध्ये रोज ड्रेसिंगसाठी जायच्या आणि नऊ दिवस टॅक्सीचे पैसे मोजत होत्या. त्यांनी मला विचारलं होतं, "भाऊ, तुमच्या भांडणात आमचा पाय का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही फारसं चांगलं उत्तर नाही. एवढंच म्हणेन, की संप होण्याआधी जी दहा पत्रं दिली जातात ती कोणी वाचत नाही. हे पत्र म्हणजे तसलंच एक समजा.

आता त्या 'तोटा' शब्दाकडे येतो. मूळ पत्रलेखकांना बहुधा ठाऊक नसेल की कित्येक वर्षं हा तोटा महापालिकेच्या तिजोरीपर्यंत पोचतच नव्हता. बेस्टला दोन हात होते. शहर भागात वीज देणारा एक, बस चालवणारा दुसरा. विजेच्या हाताने कमावलेलं बसच्या हातात पडायचं. ७ ऑगस्ट १९४७ला ही कंपनी महापालिकेकडे आली तेव्हापासूनची ही रीत. २००३चा वीज कायदा आला, ग्राहकांनी बसचा भार आमच्या बिलात का म्हणून विचारलं, वर्षानुवर्षं वाद चालला आणि शेवटी ती वाट बंद झाली. वीजग्राहकाचं चूक होतं असं मी म्हणत नाही. पण एक वाट बंद करताना दुसरी उघडायची जबाबदारी कोणाची तरी होती. ती कोणी घेतली नाही. मधली वर्षं बेस्टने कर्जावर काढली.

२०१९च्या जुलैत भाडं उतरवलं, पाच किलोमीटरला पाच रुपये, एसीला सहा. प्रवासी परत आले. माझी बहीण बदलापूरहून आली की दादरला उतरून मुद्दाम एसी गाडीत बसायची, सहा रुपयांत गार हवा म्हणून. महापालिकेने तेव्हा सहाशे कोटी दिले, पण हात राखून, अटी घालून. मग ९ मे २०२५पासून तेच भाडं दहा आणि बारा झालं. दुप्पट. आणि जरा मागे जाऊन बघा, ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. मोटारवाल्याचे एका खेपेचे पंचेचाळीस रुपये वाचले. सागरी किनारा रस्त्यावर जवळपास चौदा हजार कोटी खर्च झाले आणि त्याला टोलच नाही. तो रस्ता वर्षाला किती तोट्यात आहे, असं पत्र आपल्याकडे कधी आलं का, संपादकसाहेब? आलं असेल तर मला कात्रण पाठवा.

२०२५-२६चा महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. त्यातले बेस्टला हजार कोटी. शंभर रुपयांत एक रुपया चौतीस पैसे. तेही अनुदान म्हणून, म्हणजे दरवर्षी नव्याने हात पसरायचा. हात पसरणारा माणूस पाच वर्षांचं नियोजन करू शकत नाही, नव्या गाड्यांची मागणी नोंदवू शकत नाही, म्हणून मग भाड्याच्या गाड्या घेतो आणि त्याही जो स्वस्त देईल त्याच्याकडून. पैशाची गोष्ट आणि चालकाच्या पगाराची गोष्ट मला वेगळी दिसत नाही ती यामुळे. बेस्टसाठी महापालिकेच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा नियमाने बांधून द्या, मग कोणी आयुक्त असो, कोणी महापौर असो. त्यात ७ मार्च २०२२ला नगरसेवकांची मुदत संपली, त्यांच्याबरोबर बेस्टचा कारभार बघणारी बेस्ट समितीही गेली, आणि त्यानंतर कित्येक वर्षं हे प्रश्न सभागृहात उभं राहून विचारणारंही कोणी नव्हतं. समिती असताना तिथे काय चालायचं ते आम्ही जाणतो, पण निदान आरडाओरडा तरी व्हायचा.

निवृत्तांच्या थकलेल्या ग्रॅच्युइटीचा विषय मी इथे काढत नाही. तो स्वतंत्र पत्राचा आहे.

कुर्ल्याबद्दल लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं मनात. ९ डिसेंबर २०२४च्या रात्री एस. जी. बर्वे मार्गावर ३३२ नंबरची भाड्याची इलेक्ट्रिक गाडी गर्दीत घुसली आणि नऊ जीव गेले. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवेल, मी ठरवणारा कोणी नाही. पण तेव्हा जो प्रश्न सगळ्यांनी विचारला, की चालकाला एवढ्या मोठ्या, क्लच-गिअर नसलेल्या गाडीचं पुरेसं शिक्षण मिळालं होतं का, तो माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या वेळी नवा ड्रायव्हर आधी ट्रेनिंगला जायचा, मग जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसायचा, मग रिकामी गाडी, मग कमी गर्दीचा मार्ग. स्टार्टरला चेहऱ्यावरून कळायचं की आज याची रात्र झोपेविना गेली आहे. त्याला मी बाजूला बसवायचो आणि बदलीवाल्याला हाक मारायचो. आजच्या चौकीतल्या स्टार्टरला भाड्याच्या चालकाला बसवून ठेवायचं म्हटलं तर आधी कंपनीच्या सुपरवायझरला फोन करावा लागतो. फेरी बुडाली की कंत्राटदाराला दंड, आणि भाचा म्हणतो तो दंड शेवटी फिरून कुठे येतो ते स्लिपवर दिसतं. अशा वेळी चालक झोप आल्याचं सांगेल का? मी तरी सांगितलं नसतं.

भाच्याला मी विचारलं, सोडून का देत नाहीस. म्हणाला, "मामा, गाडी चालवायला आवडते." मग जरा थांबून म्हणाला, "सकाळच्या पहिल्या फेरीला त्याच त्याच बायका असतात. ऑफिसं झाडायला जातात. मला नावाने ओळखतात." १९८४ला माझ्या पहिल्या फेरीलाही अशाच बायका असायच्या, माशांच्या टोपल्या घेऊन. टोपलीचं पाणी सांडलं की मी ओरडायचो आणि त्या मला बोंबील द्यायच्या.

१५ जुलै १९२६ला अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत मुंबईची पहिली बस धावली. २०२६ साली त्या तारखेला शंभर वर्षं भरतात. फुलं लावलेल्या गाडीबरोबर फोटो निघतील, भाषणं होतील, आम्हा जुन्यांना कदाचित नारळ-शालही मिळेल. त्या कार्यक्रमाला भाच्याला बोलावणं असेल का, आणि असलं तर खुर्ची बेस्टच्या कर्मचाऱ्यांच्या रांगेत असेल की बाहेर मांडवाच्या मागे, एवढंच मला बघायचं आहे.

आपला,
एक निवृत्त स्टार्टर
परळ, मुंबई
(नाव छापू नये, ही विनंती. पत्ता कार्यालयाकडे आहे.)

ता. क. पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. जागेअभावी कापावं लागलं तर बोंबील कापा, थर्मास कापा, माझी चौतीस वर्षंसुद्धा कापा. निविदेतल्या वेगळ्या रकान्याचा परिच्छेद तेवढा ठेवा.